दोनशे बावीस विरुद्ध भोपळा!

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे अचाट किस्से ऐकून ‘एवढंच?’ असं विचारण्याचा हक्क जगात एकाच माणसाला आहे. तो म्हणजे कल्याणकर!

तर झालं असं, की डोंबिवलीहून सुटलेली फास्ट लोकल मुंब्र्याच्या अलीकडे नेहमीप्रमाणे विचार करत उभी होती. एक हात वर, बॅग पोटाशी, मागच्याचं कोपर बरगडीत आणि उरलेल्या दोन बोटांत मोबाइल. तेवढ्यात आमच्या अटलांटावाल्याचा मेसेज आला.

‘२२२-०. ओळख कुठला गेम?’

हा आमचा शाळेपासूनचा मित्र. अस्सल डोंबिवलीकर. जॉर्जिया टेकमधून एमएस केलं आणि तिथेच चिकटला. शाळेत याला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावता समजावता आमचे पीटीचे सर थकले होते. आता मात्र तिकडे सप्टेंबर उजाडला, की दर शनिवारी साहेब कॉलेजचा टी-शर्ट घालून स्टेडियमवर हजर. गेम कुठला, तर कॉलेज फुटबॉल! आणि मग तिकडच्या रात्री, म्हणजे आपल्या पीक अवरला, मला एकेक किस्सा पाठवून पकवायचं.

‘खो-खो,’ मी टाइप केलं.

‘फुटबॉल, साल्या. आमच्या कॉलेजनं मारलेत. १९१६ साली.’

बॉस, २२२! गाडी हलली, घाटकोपर आलं, तरी माझ्या डोक्यातून आकडा जाईना. ऑफिसात पोचल्यावर चहा घ्यायच्या आधी मी त्या मॅचची जन्मकुंडली काढली. आणि मग त्याच्याशी जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. कारण माझ्याकडेही एक स्कोअर होता. घरापासून दोन स्टेशनांवरचा.

वकिलीची मुलं मैदानात

आधी ज्यांना तिकडचा फुटबॉल म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी क्रॅश कोर्स. त्यांचा फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. चेंडू अंड्याच्या आकाराचा. चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यायचा. जमलं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, त्याला म्हणायचं ‘फर्स्ट डाउन’. असं करत करत शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात, की टचडाउन, सहा पॉइंट. वर एक किक मारायला मिळते, ती बसली की सातवा. बास, एवढ्यावर काम भागतं.

आणि ‘कॉलेजच्या मॅचेस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर आपला जिमखाना आणू नका. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे, एका कॉलेजसाठी!

तर ७ ऑक्टोबर १९१६. अटलांटाचं ग्रँट फील्ड. एकीकडे जॉर्जिया टेक. त्यांचे कोच जॉन हाइसमन. आज कॉलेज फुटबॉलमधल्या सगळ्यात भारी खेळाडूला जी ट्रॉफी मिळते, ती यांच्याच नावाची. दुसरीकडे टेनेसीमधलं कंबरलँड. गंमत अशी, की कंबरलँडनं त्या वर्षी फुटबॉलची टीमच बंद केली होती. टीम नाही, कोच नाही, प्रॅक्टिस नाही. पण मॅच आधी ठरली होती आणि करार झाला होता. न आल्यास दंड ३ हजार डॉलर! १९१६ मध्ये ही रक्कम म्हणजे कॉलेजच्या छातीत कळ. आलात तर मात्र ५०० डॉलर मिळणार, शिवाय अटलांटाची ट्रिप फुकट.

मग काय? टीमचा मॅनेजर जॉर्ज अ‍ॅलन कामाला लागला. त्यानं होस्टेलमधली, ओळखीपाळखीची, बरीचशी वकिली शिकणारी मुलं गोळा केली आणि गाडीत कोंबली. आपल्याकडे सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेत अकरावा गडी कमी पडला, की सेक्रेटरी ज्या पद्धतीनं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना चपला घालायला लावून खाली आणतात, तसंच. फरक इतकाच, की हे काका अमेरिकेतल्या सगळ्यात तगड्या टीमपैकी एकीसमोर उभे राहणार होते.

हाइसमनसाहेबांना दया आली का? छे! त्यांचा एक जुना हिशोब बाकी होता. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडनं टेकला २२-० असं धुतलं होतं आणि त्या टीममध्ये पैसे देऊन आणलेले व्यावसायिक खेळाडू घुसवले होते, असा टेकवाल्यांना दाट संशय होता. शिवाय त्या काळी पेपरवाले नुसते पॉइंट मोजून टीम मोठी की छोटी ते ठरवायचे. हाइसमनना या प्रकाराची चीड होती. घ्या मोजा, म्हणाले असणार.

पहिल्या क्वार्टरमध्ये ६३. दुसऱ्यात पुन्हा ६३. हाफटाइमला १२६-०! असं सांगतात, की तरीही हाइसमननी पोरांना बजावलं, गाफील राहू नका, ही मंडळी कधी काय डाव टाकतील नेम नाही. (आमचे एक बॉस असेच होते. टार्गेट दुप्पट झालं तरी मीटिंगमध्ये चेहरा सुतकी.) शेवटची दोन क्वार्टर्स छोटी केली, तरी त्यांत ५४ आणि ४२ झालेच. एकूण ३२ टचडाउन आणि बसलेल्या ३० किक. ३२ गुणिले ६ अधिक ३०. कॅल्क्युलेटर काढा हवं तर.

पण खरी ट्रिव्हिया पुढे आहे. या अख्ख्या मॅचमध्ये एकाही टीमला एकही फर्स्ट डाउन मिळालं नाही! कंबरलँडला मिळालं नाही, कारण त्यांना दहा यार्ड कधी जमलेच नाहीत. आणि टेकला मिळालं नाही, कारण चेंडू हातात आला, की ते फर्स्ट डाउनच्या आधीच थेट टचडाउन करून मोकळे व्हायचे. दोन टोकांची माणसं आणि रकान्यात दोघांपुढे शून्य. आमच्या अप्रेझल फॉर्मची आठवण झाली.

कंबरलँडचा एक किस्सा तिकडे पिढ्यान् पिढ्या मीठमसाला लावून सांगतात. एका गड्याच्या हातून चेंडू सुटला आणि दुसऱ्याच्या पायाशी गेला. समोरून टेकचे आडदांड धावत येतायत. पहिला ओरडला, उचल! दुसरा म्हणाला, तू पाडलास, तूच उचल. हा किस्सा वाचला आणि मी त्या दुसऱ्या गड्याच्या प्रेमातच पडलो. का ते पुढे सांगतो.

कसारा पकडली, कर्जतला उतरला

भांडण वाढत गेलं तसा अटलांटावाला रोज एक नवं पिल्लू सोडायला लागला. सगळी सांगत बसत नाही, पण दोन सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१ जानेवारी १९२९. रोझ बोल नावाची तिकडची मानाची मॅच. कॅलिफोर्निया विरुद्ध, पुन्हा, जॉर्जिया टेक. कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सच्या हाती सुटलेला चेंडू लागला. लोकांच्या गर्दीत तो गर्रकन वळला आणि जो सुसाट सुटला, तो चक्क आपल्याच गोलच्या दिशेनं! साठेक यार्ड. मागून त्याचाच एक साथीदार ओरडत, जिवाच्या आकांतानं धावतोय, अरे थांब, उलटा चाललायस! त्यानं पार रेषेजवळ त्याला धरलं. पण व्हायचं ते झालं होतं. त्या घोळातून टेकला दोन पॉइंट मिळाले आणि कॅलिफोर्निया ८-७ अशी हरली. एका पॉइंटनं!

कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. दिवसभराच्या कामानंतर डोळा लागलाय, कल्याणला गाडी फुटते, कसाऱ्याचा माणूस कर्जतच्या गाडीत असतो आणि जाग येते तेव्हा बाहेर भिवपुरी. पण ते बघायला आजूबाजूला हजारो प्रेक्षक नसतात. रीगल्स बिचारा जन्मभर ‘राँग वे’ म्हणूनच ओळखला गेला. मध्यंतरात तो म्हणे मैदानात परतायलाच तयार नव्हता. पण परतला, दुसऱ्या हाफमध्ये जीव तोडून खेळला आणि पुढच्या वर्षी कॅप्टन झाला. आणि १९७१ मध्ये त्याला मानानं आपल्या माजी खेळाडूंच्या क्लबात कुणी घेतलं, माहितेय? जॉर्जिया टेकनं. ज्यांना त्यानं मॅच भेट दिली होती, त्यांनी!

दुसरा किस्सा २० नोव्हेंबर १९८२ चा. कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड. शेवटचे चार सेकंद, स्टॅनफर्ड २०-१९ नं पुढे. जिंकलोच म्हणून त्यांचं बँडपथक वाजतगाजत मैदानात घुसलं. इकडे मॅच चालूच! कॅलिफोर्नियाच्या पोरांनी एकमेकांकडे चेंडू फेकत फेकत तो पुढे काढला आणि शेवटचा गडी केविन मोएन बँडमधून वाट काढत गोलमध्ये शिरला तो थेट एका ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. टचडाउन! २५-२०. फडके रोडवर पाडव्याची शोभायात्रा चाललीय, ढोल-ताशे घुमतायत आणि मधूनच कुणीतरी चोरटी धाव काढतंय, असं काहीतरी. तो ट्रॉम्बोन पुढे तिकडच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. वाजवणाऱ्याचं नाव गॅरी टायरेल. आयुष्यभर लोक त्याला ‘तोच ना तू?’ म्हणून विचारत राहिले.

‘आता बोल,’ अटलांटावाल्याचा मेसेज. ‘तुमच्याकडे आहे असं काही?’

मी फक्त दोन आकडे टाकले. ‘१४६५-३. १००९ नाबाद. कल्याण.’

पलीकडे बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं.

वायलेनगरचा सोमवार आणि मंगळवार

४ आणि ५ जानेवारी २०१६. मी तेव्हा ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात होतो. सोमवारी संध्याकाळी बातमी फुटली, की कल्याणच्या कुणा पोरानं ६५२ केलेत आणि तो अजून नाबाद आहे. मंगळवारी ऑफिसात कुणाचंही कामात लक्ष नाही. एक्सेल शीट नावाला उघडी. दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, आठशे! नऊशे! आणि मी कल्याण-डोंबिवलीकडचा म्हणून जो तो मला विचारतोय, ‘तू ओळखतोस का रे त्याला?’ जणू काही कल्याणला आम्ही सगळे एकाच चाळीत राहतो.

पोराचं नाव प्रणव धनावडे. वय १५. वडील कल्याणमध्ये रिक्षा चालवणारे. शाळा के. सी. गांधी. स्पर्धा मुंबई क्रिकेट असोसिएशनची, सोळा वर्षांखालच्या मुलांची, भंडारी कप. समोर कल्याणचीच आर्य गुरुकुल. मैदान वायलेनगरचं. आर्य गुरुकुलचा पहिला डाव ३१ वर आटोपला. मग गांधी शाळा बॅटिंगला आली आणि पहिला दिवस संपला तेव्हा फळ्यावर होतं १ बाद ९५६. चुकून वाचलं नाहीत, एक बाद!

प्रणवनं ६२८ ओलांडले तेव्हाच एक विक्रम मोडला होता, तोही ११६ वर्षांपूर्वीचा. जून १८९९ मध्ये इंग्लंडात, क्लिफ्टन कॉलेजमध्ये, ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या पोरानं चार दुपारी मिळून ६२८ नाबाद केले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रणव हजारावर गेला. १००९ नाबाद. १२९ चौके, ५९ छक्के, आणि चेंडू खेळला सव्वातीनशेच्या आसपास. टीमचे ३ बाद १४६५. त्याआधीचा जगातला सगळ्यात मोठा सांघिक स्कोअर होता व्हिक्टोरियाचा, १९२६ सालचा, ११०७. तो मोडला कुठे, तर कल्याण पश्चिमेला! गांधी शाळा एक डाव आणि १३८२ धावांनी जिंकली.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. टीव्हीच्या गाड्या, पेढे, सचिनची सही असलेली बॅट, असोसिएशनची महिना १० हजारांची स्कॉलरशिप.

मी मात्र त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वेगळाच हिशोब करत बसलो होतो. १२९ अधिक ५९ म्हणजे १८८. एकट्या प्रणवचे चेंडू १८८ वेळा सीमेपार गेले. म्हणजे १८८ वेळा कुणीतरी जाऊन तो चेंडू आणला. बाकीच्या बॅट्समननी मारलेले वेगळेच.

कोण आणत होतं?

पेपरांत तेही आलं होतं, पण आतल्या पानावर. आर्य गुरुकुलची नेहमीची मोठी मुलं परीक्षेमुळे आली नव्हती आणि ऐनवेळी लहान मुलांना उतरवावं लागलं, असं त्यांच्या कोचनी सांगितलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना सीझन बॉलची सवयही नव्हती. मैदानाची एक बाजू अगदीच जवळ. कॅच सुटले, भरपूर सुटले. लगेच चहाच्या टपरीवर तज्ज्ञ जमा झाले. ‘समोर बोलिंगच नव्हती यार’, ‘असल्या टीमपुढे मी पण पाचशे मारीन’. मारून दाखवा! समोर कोणीही असो, दीड दिवस उन्हात उभं राहून हजार होईपर्यंत एकदाही कंटाळून बॅट फेकावीशी न वाटणं, हे मला तरी जमणार नाही. दोन ओव्हर नेटमध्ये खेळलो तरी माझी पाठ धरते.

पण समोरच्या टीमला ‘असली’ म्हणायचं कारण नाही. ती आली म्हणून मॅच झाली.

इथे मी फितूर आहे हे कबूल करतो. शाळेत असताना मी अशाच एका टीममध्ये होतो. शाळेचं नाव सांगत नाही, तिची इज्जत आम्ही एकदा घालवलीय तेवढी पुरे. जानेवारीच होता. दहावीच्या प्रिलिम जवळ आलेल्या, त्यामुळे सगळे भरवशाचे गडी घरी. सरांनी आठवी-नववीच्या वर्गांत येऊन विचारलं, पांढरी पँट कुणाकडे आहे? माझ्याकडे होती. झालं सिलेक्शन! समोरच्यांनी चारशेच्या वर मारले. मी लाँगऑनला उभा. माझ्यामागे गटार. बॉल तिथेच यायचा. पहिल्या दोन वेळा मी काठी शोधली. नंतर सरळ हात घालायला लागलो. पँटला पुसून फेकायचा आणि पुन्हा उभं राहायचं. आम्ही किती केले ते विचारू नका. संध्याकाळी आईनं पँटचं काय केलंस म्हणून झापलं, मॅचचं काय झालं ते विचारलंच नाही. बरंच झालं.

त्या मॅचमधली एकच गोष्ट लख्ख आठवते. आमच्या विकेटकीपरनं जेवणाच्या सुट्टीत सरांना विचारलं, ‘सर, आपण घरी गेलो तर चालणार नाही का?’

चालणार नाही का?

अख्ख्या भांडणातला मुद्द्याचा प्रश्न हाच. कारण खरोखर घरी गेलेली एक टीम आपल्याकडे आहे!

डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान. रणजी ट्रॉफी. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. आपले भाऊसाहेब निंबाळकर, मूळचे कोल्हापूरचे, ४४३ वर नाबाद. महाराष्ट्राचे ४ बाद ८२६. समोर होता ब्रॅडमनचा ४५२ नाबादचा विक्रम, जगातला सर्वोच्च. राहिले फक्त दहा. दोन ओव्हरचं काम! आणि मध्यंतरात काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, आम्ही मॅच सोडतो. आपल्या टीमचं नाव असल्या विक्रमाच्या खात्यात कायमचं लागावं, हे त्यांना नको होतं. समजूत घालून पाहिली, उपयोग झाला नाही. काठियावाडची टीम बॅगा भरून निघाली. निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले ते कायमचे. त्यांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. रणजीत त्यांच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही.

हे मी अटलांटावाल्याला पाठवलं, तर तो म्हणाला, मॅच सोडण्याच्या बाबतीत आमच्याकडेही एक आहे, पण उलट्या बाजूनं. १६ नोव्हेंबर १९४०. कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. कॉर्नेलनं अगदी शेवटी टचडाउन मारून ७-३ अशी मॅच जिंकली. नंतर फिल्म पाहिली तेव्हा कळलं, की रेफरीच्या मोजण्यात गडबड झाली होती. चारच्या जागी पाच प्रयत्न मिळाले होते आणि टचडाउन पाचव्यात झालेलं! कॉर्नेलनं काय केलं? डार्टमथला तार केली, मॅच तुमची. निकाल ३-० असा बदलला आणि आजही पुस्तकात तसाच आहे.

पन्नास वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० ला, तश्शीच चूक पुन्हा झाली. कोलोराडो विरुद्ध मिसूरी. पुन्हा पाचवा प्रयत्न, पुन्हा टचडाउन, कोलोराडो ३३-३१ नं विजयी. या वेळी तार-बिर कुणी केली नाही. कोलोराडोनं मॅच ठेवून घेतली आणि त्या सीझनच्या शेवटी राष्ट्रीय विजेतेपदातला वाटाही घेतला.

म्हणजे बघा. काठियावाडवाले हरताना निघून गेले. कॉर्नेलवाले जिंकूनही विजय परत देऊन आले. कोलोराडोवाल्यांनी मिळालं ते खिशात घातलं. आणि कंबरलँडची वकिलीची पोरं आणि आर्य गुरुकुलची चिल्लीपिल्ली? ती मैदानात शेवटपर्यंत उभी राहिली. त्यांना विचारलंच कुणी नव्हतं म्हणा. एकाच्या मानेवर ३ हजार डॉलर, दुसऱ्याच्या मानेवर शाळेचं नाव. पण थांबली. ठाकोरसाहेबांबद्दल आपल्याकडे लोक अजून बोटं मोडतात, मीही मोडायचो. आता तेवढी मोडवत नाहीत. मी लाँगऑनला उभा राहिलेला माणूस आहे.

आणि असले स्कोअर ही काही जुनीपुराणी गोष्ट नाही बरं का. २०१९ साली, मुंबईच्या हॅरिस शील्डमध्ये अंधेरीच्या एका शाळेचे सगळे फलंदाज शून्यावर गेले. सगळे! टीमचा स्कोअर सात, त्यात सहा वाइड आणि एक बाय. समोर बोरिवलीच्या शाळेचे ७६१. त्यात ओव्हर वेळेत टाकल्या नाहीत म्हणून दंडाच्या १५६ धावाही धरलेल्या. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जे जोक फिरले, त्यातले दोन-तीन मीही पुढे ढकलले होते. नंतर वाटलं, यातल्या एखाद्याच्या घरच्या ग्रुपवर हे पोचलं असेल का?

नाबादांचं पुढे काय झालं

विक्रम करणारेही पुढे सुखात राहिले असं नाही. कॉलिन्स सैन्यात गेला. ११ नोव्हेंबर १९१४ ला पहिल्या महायुद्धात, ईप्रच्या लढाईत मारला गेला. वय २९. त्या शाळकरी मॅचखेरीज क्रिकेटच्या पुस्तकात त्याची दुसरी नोंद शोधावी लागते.

प्रणवच्या मागे तर कॅमेरेच लागले. प्रत्येक मॅचला लोक विचारणार, आज किती? चाळीस केले तरी बातमी ‘अपयशी’ अशीच. २०१७ मध्ये फॉर्म हरवला, तेव्हा त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं, की मुलगा खेळात मागे पडलाय, तेव्हा स्कॉलरशिप थांबवा. महिन्याचे १० हजार, मिळत असलेले, मागे न लागता! १००९ ची बातमी पहिल्या पानावर सगळ्यांनी वाचली. या पत्राची आमच्या ऑफिसात निदान कुणी वाचलेली नव्हती. मी विचारलं, म्हणून सांगतो. मला विचाराल तर त्या घरातला अधिक अवघड स्कोअर तो आहे.

असो. अटलांटावाल्याशी परवा पुन्हा बोलणं झालं. ग्रँट फील्डच्या जागेवरच त्यांचं आजचं स्टेडियम आहे, तिथूनच मॅच बघून आला होता. २२२ वाल्या मॅचचा चेंडू २०१४ मध्ये लिलावात ४० हजार डॉलरच्या वर विकला गेला, ही त्याची ताजी ट्रिव्हिया.

‘तुमच्या १००९ च्या मॅचचा बॉल कुठाय?’

‘बघायला पाहिजे,’ मी म्हटलं. ‘कुणीतरी आणला असेल.’

‘आणि एक सांग. ती समोरची पोरं पहिल्या डावात ३१ ला गेली होती ना? दीड दिवस फिल्डिंग करून परत बॅटिंगला आल्यावर दुसऱ्या डावात किती केले?’

मी शोधून सांगितलं. ५२.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मेसेज आला.

‘अरे, म्हणजे एकवीस जास्त!’